बाहुलीतला करडा

१५ फेब्रुवारी १९८२, सोमवार

ही डायरी कंपनीने जानेवारीत दिली आणि फेब्रुवारीत मला काढलं. पहिल्या पानावर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव आहे आणि खाली माझं. दोघांचा संबंध आता तेवढाच उरला. बांधणी उत्तम, कागद गुळगुळीत; वाया घालवणं जिवावर आलं म्हणून लिहायला घेतली.

शुक्रवारी आमच्या लॅबमधल्या अकरा जणांना एकदम नारळ दिला. मोटारी खपत नाहीत, म्हणून मोटारींचा रंग खपत नाही, म्हणून रंग जुळवणारा माणूस नको. तर्कात खोट काढता येत नाही. चौदा वर्षं मी कलर मॅचर होतो. दरवाजा एका कारखान्यातून येतो, बॉनेट दुसऱ्या. दोन्हींचा लाल एकच दिसला पाहिजे, हे बघणं माझं काम. "तुझ्यासारखा डोळा अख्ख्या मिशिगनमध्ये नाही," असं बॉस नेहमी म्हणायचा. काढतानाही म्हणाला.

बायकोला, कांचनला, त्याच संध्याकाळी सांगितलं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, घर चालेल. प्रश्न आईचा आहे. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती नऊ जानेवारीला इकडे आली, आणि येताना सांगलीत गल्लीभर सांगून आली की अमेरिकेतल्या मोटारींचे रंग आमचा गुरु ठरवतो. तिचं परतीचं तिकीट दहा मेचं आहे. तोवर तिला कळता कामा नये. बारा आठवडे टाय लावायचा, डबा घ्यायचा, साडेसातला निघायचं आणि साडेपाचला परत यायचं. आईचं वय सदुसष्ट. तिला काय कळणार आहे?

१८ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस शेजारच्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत काढले. आज तिथे उल्हासची बायको दिसली. उल्हास आमच्या महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी. त्याला कळलं म्हणजे न्यूजलेटरमध्ये छापून आलंच. मी लहान मुलांच्या विभागात जाऊन उंटांवरचं पुस्तक वाचत बसलो. पाऊण तास. उंटांबद्दल आता मला कुणी काही विचारावं.

घरी आल्यावर आईने माझा कोट घेतला, नेहमीसारखा नाकाशी धरला आणि कपाटात लावला. बाबांचाही ती असाच धरायची. "आज कुठला रंग केलास?" म्हणाली. "निळा," मी म्हटलं. "बरं," म्हणाली. शंकेला जागाच नाही.

आमटीत मात्र मीठ दोनदा पडलं होतं. आईचं वय झालं.

२ मार्च, मंगळवार

अ‍ॅन आर्बर. चाळीस मिनिटं ड्राइव्ह, ओळखीचं कुत्रंही भेटत नाही. तिथे एक लहानसं म्युझियम आहे, आत गरम असतं आणि कुणी 'मे आय हेल्प यू' म्हणत नाही.

आतल्या खोलीत एका बाईचं चित्र आहे. वीतभर रुंदीची पातळ फळी, तिच्यावर चेहरा. अठराशे वर्षांपूर्वीची इजिप्तची बाई, तिशीतली, केस बारीक कुरळे, कानात मोती. रंग तेलाचा नाही, पाण्याचा नाही. वितळवलेल्या मधमाशीच्या मेणात कालवलेला. बाई गेल्यावर तिच्या ममीच्या तोंडावर, कापडाच्या पट्ट्यांत ही फळी बसवली होती. ममी हरवली, चेहरा राहिला. मी पुष्कळ वेळ तिच्यासमोर उभा होतो. चौदा वर्षांत मी केलेल्या रंगांपैकी दहा वर्षं टिकलेला एकही रस्त्यावर दिसत नाही. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मिशिगनचं मीठ सगळं खाऊन टाकतं.

पलीकडे दार उघडं होतं. एक पांढऱ्या केसांची बाई टेबलदिव्याखाली दुसऱ्या एका फळीवरची खपली मेणाने भरत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "त्या तपकिरीत लाल जास्त झाला. दिव्याखाली जुळतोय, खिडकीशी नेलात की वेगळा पडेल." ती उठली आणि खिडकीशी गेली. पडला वेगळा.

"हू आर यू?" तिने विचारलं.

"मी मोटारी जुळवतो," मी म्हटलं. नावाआधी हेच तोंडात आलं.

११ मार्च, गुरुवार

तिचं नाव मिसेस कोवाल्स्की. जुन्या वस्तूंची डागडुजी करते. मंगळवारी आणि गुरुवारी मी तिला रंगीत मेण कालवून देतो. पगार नाही, पण टाय वाया जात नाही.

तिने बरंच सांगितलं. ही चित्रं पुष्कळदा माणूस जिवंत असतानाच काढून घ्यायचे म्हणे, आणि वेळ येईपर्यंत घरात टांगायचे. वेळ आली की फळीचे वरचे कोपरे कापून पट्ट्यांत बसवायचे. आपल्याकडे हे ऐकूनच कुणीतरी मीठ-मोहऱ्या ओवाळतील.

२० मार्च, शनिवार

आईला आणि माझ्या मुलीला, सीमाला, म्युझियम दाखवलं. एक चूक झाली. दारावरचा वॉचमन मोठ्याने ओरडला, "मॉर्निंग, गुरु! सी यू ट्यूसडे!"

"तुला ओळखतो?" आईने विचारलं.

"छे! यांना सगळे इंडियन सारखेच दिसतात."

"आणि नाव?"

"सगळ्याच इंडियनांना हे गुरु म्हणतात."

"हं," आई म्हणाली. वेळ निभावली.

चित्रासमोर आई इतकी पुढे झुकली की नाक काचेला लागायचं बाकी होतं. वॉचमन खाकरला. "कपाळावर काय आहे?" तिने विचारलं. केस, मी म्हटलं. "आणि कानात?" मोती, दिसत नाहीत का? "दिसतात रे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." आईला चित्रकलेची एवढी ओढ असेल असं वाटलं नव्हतं. मग मी तिला मेणाचं, ममीचं, कोपरे कापायचं सगळं सांगितलं. एवढं मी तिच्याशी बाबा गेल्यापासून बोललो नव्हतो.

२१ मार्च, रविवार

सकाळी चहाच्या वेळी आईने बॉम्ब टाकला. "माझं तसं चित्र काढ."

कांचनने कप खाली ठेवला. "आई, काहीतरीच काय! भरल्या घरात असं बोलू नये."

"भरल्या घरातच बोलावं. रिकाम्या घरात ऐकणार कोण? याचे वडील गेले तेव्हा काय झालं, आठवतंय ना?"

आठवतंय. बाबांचा एकट्याचा फोटो घरात सापडेना. शेवटी बाळमामाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून मोठं केलं. आजही हार घातलेल्या बाबांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, आणि मांडवाचा खांब त्यांच्या डोक्यातून उगवलाय.

"मला तसं नको," आई म्हणाली. "मी आधीच पसंत करून ठेवणार."

मी म्हटलं, मी चित्रकार नाही, रंग जुळवतो.

"मग रंगच जुळव. नाकडोळे आपोआप जागेवर येतील."

"आजी, दॅट्स सो क्रीपी," सीमा म्हणाली. ती अकरा वर्षांची आहे, पण घरात एवढं शहाणं बोलणारी तीच. तरी मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, आणि दिवस काय मला पुष्कळ आहेत.

४ एप्रिल, रविवार

कांचनच्या इलेक्ट्रिक फ्राइंग पॅनमध्ये मेण वितळवलं. पॅन गेला. थालीपिठाला देवळाचा वास येतो.

आईला खिडकीकडे तोंड करून बसवतो आणि मी खिडकीला पाठ करून. मेण फार लवकर थिजतं, एक फटकारा की झालं. पण रंग! तिच्या गालाचा गहू, कपाळावरचा उन्हाळा, हे मला कुणी शिकवायला नको. डोळ्यांच्या बाहुल्यांवर खिडकीचं प्रतिबिंब पडतं, त्याने काळ्यावर करडी झाक येते. ती कृती वहीत लिहून ठेवली: बाहुलीतला करडा, पांढरा दोन भाग, निळ्याचा कण, काळ्याचा कण. दुसऱ्या कुणाच्या नजरेतून सुटली असती.

आई पुतळ्यासारखी बसते. म्हणते, "तू बोलत राहा." मग मी बोलतो. आज म्युझियमचं बोलताना एकदा 'मंगळवारी' तोंडातून निसटलं. तिच्या ध्यानात आलं नाही.

१८ एप्रिल, रविवार

चित्र पुरं झालं. आईने ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, बोट फिरवलं. "नाक जाड झालंय."

मी म्हटलं, आई, नाक जसं आहे तसं आहे.

"जाड आहे. परत काढ."

चौदा वर्षांत माझा एक लाल परत आला नव्हता.

३ मे, सोमवार

सांगलीहून अनिलचं, माझ्या धाकट्या भावाचं पत्र. त्यात एक ओळ: 'आईची मिरजेची तारीख पुन्हा पुढे ढकलली. डॉक्टर रागावले.' मी विचारलं, कसली तारीख? आई म्हणाली, "कवळीची रे." आईचे दात शाबूत आहेत असा माझा समज होता. पण आपण एवढ्या लांब राहतो, आई-वडिलांचं एकेक काय काय पडतं ते आपल्याला कळत नाही.

दुसरं म्हणजे आईने तिकीट पुढे ढकलायला लावलं. चित्र झाल्याशिवाय जाणार नाही म्हणते. सप्टेंबर. म्हणजे माझे बारा आठवडे तीस झाले! कांचनला म्हटलं, तू तरी समजाव. ती म्हणाली, "अहो, राहू दे ना. तुमचं चित्र चाललंय." आणि टेबल पुसायला लागली. पुसलेलंच टेबल.

मला वाटतं आईला अमेरिका आवडायला लागली. दिवसभर टीव्हीच्या अंगावर बसलेली असते.

३० मे, रविवार

दुसरं चित्र. नाक अर्ध्या सुताने बारीक केलं. आईचा निकाल: "ही मी नाही. ही तुझी मोठी मावशी."

मोठी मावशी गोरी आणि हनुवटीला खळी असलेली. या चित्रात खळी शोधून दाखवावी. मी तिला तसं म्हटलंही. माझा आवाज चढला. आई शांतपणे म्हणाली, "रागावू नकोस. हनुवटी बघ जरा. घाई आहे का तुला कुठे जायची?"

घाई नाही, हेच दुखणं आहे. सव्वीस अर्ज पाठवले. एकाचं उत्तर आलं, ते माझं नाव चुकवून. पण बसलो की दोन तास कसे जातात कळत नाही, हेही खरं.

२७ जून, रविवार

मंडळाची पिकनिक. आई उल्हासशी झाडाखाली बराच वेळ बोलत होती. बहुधा सांगलीच्या भडंगाबद्दल. उल्हासचं आजोळ तिकडचं.

नंतर उल्हास माझ्याकडे कणीस घेऊन आला. "यार गुरु, एक काम होतं. आमच्या ओळखीत एक फ्रिज बनवणारी कंपनी आहे, त्यांना कलरचा माणूस हवाय. तुझ्या माहितीत कुणी असला तर अप्लाय करायला सांग ना." आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी माझ्या खिशात घातली.

मी विचारात पडल्यासारखं केलं. म्हटलं, बघतो, एकजण आहे. बिचाऱ्याला काही संशय आला नाही.

१३ जुलै, मंगळवार

दुसरी आई वितळली.

मिसेस कोवाल्स्कीला दाखवायला म्हणून गाडीच्या डिकीत ठेवलं होतं. वाटेत फ्रिजवाल्यांचा इंटरव्ह्यू होता. दोन तास गाडी उन्हात. परत येऊन डिकी उघडली, तर हनुवटी गळ्यात उतरली होती आणि डोळा गालावर. इजिप्तच्या वाळवंटात अठराशे वर्षं टिकलेली कला मिशिगनच्या पार्किंग लॉटमध्ये दोन तास टिकली नाही.

घरी भीत भीत सांगितलं. आई हसत सुटली, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "बरं झालं," म्हणाली, "मावशीच होती ती. नवीन घे."

२५ जुलै, रविवार

तिसरं. रंगांच्या जुन्या कृती तयारच असल्याने भरभर होतंय. फक्त बाहुलीतला करडा जुळेना. वहीतल्या मापाने केला तर काळपट वाटतो. पांढरा तीन भाग घातला तेव्हा बसला. एप्रिलात बाहेरचा मेपल ओकाबोका होता, आता पानांनी भरलाय; उजेड बदलला की रंग बदलतो. हे सीमाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बट डॅडी, लीव्ह्ज आर ग्रीन." मुलांना मेटॅमेरिझम समजावणं अवघड आहे.

६ ऑगस्ट, शुक्रवार

नोकरी लागली! फ्रिज. चार रंग आहेत: पांढरा, बदामी, सोनेरी पिवळा आणि एक हिरवा, जो पुढच्या वर्षी बंद होणार आहे. चौदा वर्षांत पाच हजार रंग केलेल्या माणसाला चार. तरी मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून थोडा रडलो, हे इथे लिहायला हरकत नाही.

घरी सांगितलं, कंपनी बदलतोय, चांगली ऑफर आली. आई म्हणाली, "छान झालं." मग म्हणाली, "आण ते चित्र." घेतलं, जवळ नेलं, बोट फिरवलं. "आता जमलं. आता हात लावू नकोस."

मी रविवारपासून त्याला हातही लावलेला नव्हता. गेल्या रविवारी हेच नाक तिला बटाटा वाटलं होतं.

१० ऑगस्ट, मंगळवार

म्युझियमचा शेवटचा मंगळवार; सोमवारपासून फ्रिज. या वेळी चित्र मांडीवर ठेवून नेलं.

मिसेस कोवाल्स्कीने भिंगाखाली बघितलं. बराच वेळ. म्हणाली, "यू आर अ‍ॅन ऑनेस्ट मॅन. बहुतेक मुलांनी आईचे मोतीबिंदू चित्रात काढले नसते."

मी म्हटलं, ते खिडकीचं प्रतिबिंब आहे.

तिने पेन्सिलीचं टोक दाखवलं. "प्रतिबिंब हे. हा पांढरा ठिपका, वर डावीकडे. तोही तुम्ही बरोबर टिपलाय. हा करडा त्याच्या खाली आहे, आत. दोन्ही डोळ्यांत."

मी वही काढली. एप्रिल, पांढरा दोन भाग. जुलै, तीन भाग. तारखेसकट, माझ्या अक्षरात. मिशिगनमधला सर्वांत चांगला डोळा आईच्या डोळ्यांसमोर चार महिने बसला होता, मोतीबिंदू पिकताना बघत होता आणि त्याची कृती लिहून ठेवत होता. मिरजेला कवळी नव्हती करायची. आमटीतलं मीठ, टीव्ही, काचेला लागू पाहणारं नाक. घरी येताना मी दोनदा एक्झिट चुकलो.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते. एक नवी कोरी फळी घेतली आणि आईसमोर धरली. म्हटलं, "आई, डोळ्यांत थोडा फरक केलाय. बघ बरं."

आई पुढे झुकली. बघत राहिली. मी वाट बघत होतो की ती म्हणेल, छान. तिने हात पुढे केला, फळीवरून फिरवला, बोटं नाकाशी नेली.

"गुरु, या फळीला मेणाचा वास नाही," ती म्हणाली. "आणि फेब्रुवारीपासून तुझ्या कोटाला थिनरचा नाही. मी काही म्हटलं का?"

स्वयंपाकघरात कांचनने नळ सोडला होता तो तसाच वाहत राहिला. जिन्यावरून सीमा म्हणाली, "एव्हरीबडी न्यू, डॅडी."

मी खाली जमिनीवरच बसलो. म्हटलं, ऑपरेशन सोडून तू इथे कशाला राहिलीस? मेमध्ये व्हायचं होतं ना?

"डोळा कुठे पळून जातोय? पळत तू होतास, रोज सकाळी साडेसातला."

"आणि नाक जाड आहे म्हणालीस ते?"

"अंदाजाने. आपल्या घरात सगळ्यांचं जाडच आहे."

"आणि उल्हास?"

"चांगला मुलगा आहे. भडंग त्याला आवडत नाही."

मला खूप राग आला आणि तो कुणावर काढावा कळेना. मग तिचा हात धरला. तिने माझ्या डोक्यावरून बोटं फिरवली, फळीवरून फिरवते तशी, आणि म्हणाली, "केस कापून घे. सोमवारी नव्या जागी जायचंय."

११ सप्टेंबर, शनिवार

उद्या आईचं विमान. मी म्हटलं होतं, डोळे पुसून काळेभोर करून देतो, पाच मिनिटांचं काम. ती म्हणाली, "राहू दे. तुला दिसलं तसंच आहे ते."

मग विचारलं, "त्या इजिप्तच्या बाईचं नाव लिहिलंय का चित्रावर?" काहींवर असतं, हिच्यावर नाही, मी म्हटलं.

"माझ्यावर लिही. वेणू."

"तुझं नाव सुशीला आहे."

"ते लग्नात ठेवलं. त्याआधी सतरा वर्षं मी वेणू होते."

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पांढऱ्या मेणाने गळ्याजवळ 'वेणू' लिहिलं.

फळी बॅगेत बसेना. शेवटी करवतीने वरचे दोन्ही कोपरे कापले. आईने ती आपल्या जुन्या सुती साडीत चार वेढे देऊन गुंडाळली आणि बॅगेत मधोमध ठेवली. कांचन तोंड फिरवून उभी राहिली. मिसेस कोवाल्स्कीला हे पत्राने कळवायला हवं.

२० ऑक्टोबर, बुधवार

आईचं पत्र. इतके महिने ती "हात दुखतो" म्हणून कांचनकडून लिहून घ्यायची; हे तिच्या हातचं. अक्षरं लाडवाएवढी, ओळी उताराला लागलेल्या. इथे उतरवून ठेवतो.

'चि. गुरुदत्त यास अनेक आशीर्वाद. उजव्या डोळ्याची पट्टी सोडली. चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी आहेत, पण दिसतं. आधी घड्याळ पाहिलं, मग अनिलचं टक्कल पाहिलं, मग तुझं चित्र. नाक जाड आहे. मी म्हटलं होतं. बाकी बाई बरी आहे. अनिलच्या बायकोने ते तुझ्या बाबांच्या शेजारी टांगायचं काढलं होतं, मी होऊ दिलं नाही. स्वयंपाकघरात लावलंय, कॅलेंडरशेजारी. हाराला तिथे दुसरा खिळा नाही.

एक राहिलं. सगळा उन्हाळा तुझ्यासमोर बसले. तू मला बघत होतास. मला मात्र उजेडात एक काळं डोकं दिसायचं आणि त्यातून तुझा आवाज. तू वाळलास की सुटलास, केस पांढरे झाले का, काही ठाऊक नाही. फोटो नको, फोटोत तू उगाच हसतोस. आता तुझं चित्र काढून पाठव. दिसेल तसं.'

२३ ऑक्टोबर, शनिवार

बासवुडची फळी आणली. कांचनने नवा पॅन द्यायला साफ नकार दिला, म्हणून जुन्याच पॅनमध्ये मेण घातलं. सीमाने खुर्चीवर आरसा बांधून दिला आणि समोर बसून म्हणाली, "डोन्ट स्माइल, डॅडी. आजी सेड."

खिडकीकडे तोंड करून बसलो. कानाजवळचे केस पांढरे झालेत. डोळ्यांखाली काळं आहे. त्यात किंचित जांभळा घालावा लागेल. हे कधी झालं मला माहीत नाही, मी कोणत्याच रविवारी बघितलं नव्हतं.

नाक जाड आहे.